सुट्ट्या पैशांचं ॲप

सोनचाफ्याचा वास आला की निर्मळ गावच्या देवळाजवळचं आमचं फुलांचं दुकान आठवतं. सुट्टे देताना बाबांचा गोंधळ व्हायला लागला होता. डॉक्टरांनी विसरण्याचा आजार सांगितला, पण दुकानात बसणं त्यांनी सोडलं नाही. मी तेव्हा कॉलेजात प्रोग्रामिंग शिकत होते. कमीत कमी नाण्यांत सुट्टे कसे द्यायचे, हे गणित वर्गात नुकतंच झालं होतं. त्यावरून मी बाबांसाठी एक छोटं वेब ॲप बनवलं आणि त्यांच्या मोबाइलवर उघडून दिलं. रक्कम टाकली की कोणती नाणी द्यायची ते मोठ्या अक्षरांत दिसायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई ओल्या फडक्यावर चाफा मांडत होती, तेवढ्यात पहिली बाई आली. तिला अठरा रुपये परत द्यायचे होते. बाबांनी सावकाश अठरा दाबले. दहाचं एक, पाचचं एक, दोनचं एक, एकचं एक. उत्तर बरोबर आलं तशी मी हरखले. बाबांनी गल्ल्यातली नाणी ओंजळीत घेतली, बराच वेळ पाहिली आणि हळूच विचारलं, “पोरी, यातलं दहाचं कोनतं?” ती बाई म्हणाली, “राहू द्या काका, उद्या घेईन.” आईने त्यांची ओंजळ रिकामी केली. त्यानंतरही मी कितीतरी दिवस त्या ॲपमध्ये नाण्यांचे फोटो टाकत राहिले, आवाज टाकत राहिले, कारण मला तेवढंच दुरुस्त करता येत होतं. आता बाबा मला त्यांची मोठी बहीण समजून ताई म्हणून हाक मारतात, आणि मी ओ देते.