मागच्या सीटखालचा पाशिंजर

आमच्या घरी कुत्र्याची गोष्ट कोणी मुद्दाम काढत नाही, ती आपोआप निघते! मे महिन्यात आम्ही बहीणभाऊ गावी, एकोडीला जमलो की सुरुवात आंब्यांपासून होते, मग कोणाची बदली, कोणाचे गुडघे, आणि चहाचा दुसरा कप येईपर्यंत कोणीतरी म्हणतंच, "आज पाशिंजर असता ना..." की झालं! तो जाऊन काही वर्षं झाली. किस्से मात्र वाढतच चाललेत.

* * *

बाबा एसटीत कंडक्टर होते. एका पावसाळ्यात साकोलीच्या स्टँडवर भिजलेलं एक पिल्लू गाडीत चढलं आणि मागच्या सीटखाली जाऊन झोपलं. एकोडीला सगळे उतरले, हे उतरेना! बाबांनी उचलून घरी आणलं.

आई दारातच उभी. "काहून जी, आता सवाऱ्याही घरी आणाले लागले काय?"

"भर पाण्यात कुठं सोडू वो त्याले? सकाळच्या गाडीनं धाडतो वापस."

सकाळची गाडी गेली. बाबाही ड्युटीवर गेले. पिल्लू चुलीजवळ झोपलेलं, आणि आई त्याच्या अंगावर पोतं पांघरत होती!

नाव ठेवायची गरजच पडली नाही. सगळं गाव त्याला पाशिंजर म्हणू लागलं.

* * *

रोवण्याच्या दिवसांत, भाताची लावणी सुरू झाली की, आई बायकांसोबत धानाच्या बांधीत उतरायची. डबे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पळसाच्या सावलीत. माकडांचा फार त्रास, म्हणून एकदा आईने पाशिंजरला डब्यांजवळ बसवून बजावलं, "कोणाले हात लावू देऊ नको."

नेमकं त्या दिवशी म्हैस व्यायला झाली आणि आईला घरी जावं लागलं. दुपारी बायका जेवायला वर आल्या. पाशिंजरने दात दाखवले! गोड बोलून झालं, काठी दाखवून झाली. तो हलेना.

आई परतली तेव्हा सगळ्या जणी धुऱ्यावर ओळीने बसलेल्या, आणि समोर हा, डब्यांना पाठ लावून.

शेजारच्या यशोदाकाकू म्हणाल्या, "राखण लय मस्त करते वो तुझा कुत्रा! भुकेनं जीव गेला बाप्पा आमचा!"

तेव्हापासून काकू आधी त्याला अर्धी भाकर द्यायच्या, मगच बांधीत पाय ठेवायच्या.

* * *

वैशूताईला पाहायला लाखनीचे पाहुणे आले होते. पोहे झाले, प्रश्न झाले, निघायची वेळ झाली, आणि मुलाची एक चप्पल गायब! अंगण पाहिलं, गोठा पाहिला. पाशिंजर डोळे मिटून पडलेला. इतका सभ्य तो एरवी कधीच नसायचा! शेवटी मुलगा बाबांच्या चपला घालून गेला.

पुढच्या रविवारी तो एकटाच हजर. "काकाजी, तुमच्या चपला वापस कराले आलो."

चपला द्यायला कितीसा वेळ लागतो? हा संध्याकाळपर्यंत बसला! वैशूताईने तीनदा चहा केला, आणि तिसऱ्यांदा तर कोणी मागितलाही नव्हता.

लग्न ठरलं. चप्पल पुढे गुरांच्या तणसाच्या ढिगात सापडली. भाऊजी आजही सांगतात, "मले पहिले पसंत कुत्र्यानं केलं!"

* * *

बुद्धपौर्णिमेला आमच्या घरी वंदना असायची. शेजारपाजारची माणसं यायची. पाशिंजर उंबरठ्याबाहेर पाय पसरून पडायचा. शेवटचं "साधू, साधू, साधू" झालं की अंग झटकून उठायचा आणि थेट खिरीच्या गंजापाशी!

एकदा वंदना घेणारे पाहुणे मध्येच पुढची गाथा विसरले. सगळं शांत. संपलं असं समजून दोघं-तिघं उठायला लागले.

बाबा हळूच म्हणाले, "बसा जी, कुत्रा उठला नाही अजून!"

* * *

मी नोकरीसाठी नागपूरला आलो तेव्हाची गोष्ट. आईचा व्हिडिओ कॉल यायचा.

"मी काही तुले पाहाले फोन नाही केला. याचा जीव लागून नाही राहिला सकाळपासून. वाट पाहून राहिला बिचारा."

"मग दाखव ना त्याला."

"दाखवतो, दाखवतो. तू पहिले सांग, जेवला काय?"

मागून पाशिंजरचं घोरणं स्पष्ट ऐकू येत होतं!

* * *

मग बाबांना लकवा मारला. हातपाय हळूहळू सावरले, पण बोलणं गेलं. तोंडातून शब्द वेडेवाकडे निघायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "बोलत राहा, जमेल तसं बोलत राहा." पण बाबांना लाज वाटायची. जन्मभर गर्दीतून आवाज देणारा माणूस कोणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करून पडायचा. आईशीसुद्धा बोलेना.

एका दुपारी आई वाळलेले कपडे काढायला मागच्या अंगणात गेली. गोठ्याआडून आवाज येत होता. बाबा बाजेवर बसलेले, समोर पाशिंजर कान टवकारून.

"शे... शे... वं..."

शेवंता हे आईचं नाव. उभ्या संसारात बाबांनी ते कधी घेतलं नव्हतं. "अवो", नाहीतर "वैशूची माय". बस, एवढंच.

आई कपडे तसेच सोडून मागे फिरली. तेव्हा आम्हाला कोणालाही काही बोलली नाही. रोज दुपारी बाबा पाशिंजरला घेऊन गोठ्याआड बसले की मात्र ती मुद्दाम आतलं काम काढून बसायची. कोणी मागच्या अंगणाकडे निघालं की म्हणायची, "तिकडं कायले जाता? बसा ना अथीच."

असा उन्हाळा गेला, रोवणाही आटोपला.

एका सकाळी मी सुटीवर घरीच होतो. आई भात उतरवत होती. अंगणातून आवाज आला, खणखणीत, एकही अक्षर न तुटलेला:

"शेवंता!"

आईच्या हातातलं झाकण खाली पडलं. पदराला हात पुसत ती धावतच बाहेर गेली.

पण पाशिंजर तिच्या आधीच धावत येऊन बाबांसमोर कान टवकारून बसला होता!