आमच्या ग्रुपचे एकवीस नियम

धुळ्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवताना मुलांसाठी मी एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला. मुलांनी एकमेकांना शिकवावं, हा उदात्त हेतू. म्हणून आधी त्यांना एकवीस नियम पाठवले. सव्वाशे अंगठे आले. नियम एकानेही वाचले नव्हते, हे मला नंतर कळलं.

पहिला प्रश्न शिंदखेड्याकडून एसटीने येणाऱ्या एका मुलीचा होता. ‘सर, आरसामा डावं-उजवं उलटं व्हस, मंग वर-खाले का व्हत नही?’

प्रश्न अवघड होता. उत्तर मला पटकन सुचेना. मी लिहिलं, ‘नियम क्रमांक चार. प्रश्न प्रमाण मराठीत विचारावा.’

तिने पुन्हा विचारलं नाही. कुणीच काही विचारलं नाही.

मग प्राचार्य ग्रुपमध्ये आले. ते रोज सकाळी सूर्योदयाच्या चित्रासह सुविचार टाकत आणि प्राध्यापक हात जोडत. एका पालकांनी फैजपूरहून केळीचे भाव टाकायला सुरुवात केली. तेवढीच काय ती उपयोगी माहिती. स्नेहसंमेलनात ‘डिजिटल ज्ञानमंच’ उभारल्याबद्दल माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. मी भाषणात ज्ञानाच्या लोकशाहीवर बोललो.

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेच्या दाराशी आलो, तर आतून मोबाइलवरच्या व्हॉइस मेसेजमधून त्याच मुलीचा आवाज येत होता. ‘आरसा डावं-उजवं बदलतच नही. तो पुढलं मांगे करस.’ चार मुलं कान देऊन ऐकत होती. मला पाहताच मोबाइल खिशात गेला.

“हे कुठल्या ग्रुपवर आहे?” मी विचारलं.

“आमचा आहे, सर. तिनेच काढलाय.”

“मला का नाही घेतलं?”

मला राग आला. त्याहून जास्त, इतकं सोपं उत्तर मला सुचलं नव्हतं याची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी तिला थांबवलं.

“तुझं उत्तर बरोबर होतं,” मी म्हणालो. “त्या दिवशी मला ते येत नव्हतं, म्हणून तुला नियम दाखवला.”

ती वही दप्तरात टाकून निघाली.

“मला तुमच्या ग्रुपमध्ये घेशील?” मी विचारलं.

“तठे बठ्ठा चुकतस, सर,” ती म्हणाली. “तुमले चालई का?”

“सगळेच चुकतात ना? मग चालेल.”

तिने घेतलं, पण ॲडमिन केलं नाही. दोन दिवसांनी मी मोठ्या उत्साहाने एक गणित सोडवून टाकलं. पाच मिनिटांत जामनेरच्या एका मुलाने लिहिलं, ‘सर, एकक चुकलं.’

मी तपासलं. चुकलं होतं. वीस वर्षं मी त्याच एककासाठी मुलांचे मार्क कापत आलो होतो.