कडव्याआधीची जागा

कॉम्प्युटरवर गाणं कसं भरतात ते शिकायला मी राजारामपुरीतल्या एका स्टुडिओत गेलो आणि कीबोर्ड वाजवत, डोळे मिटून अख्खा अभंग गायलो. ऐकायला बसलो तर माझा गळा गायब. बाकावर नंबर लावून बसलेले मुरगूडचे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "पावणं, त्या मिडीत, म्हंजी कीबोर्डाच्या तारेत, आवाज जात न्हाय. बोटं तेवढी जात्यात. ऐकणाऱ्याचं नशीब म्हणायचं."

मग ते कीबोर्डपुढं बसले. गेल्या वर्षी त्यांच्या बायकोनं इथंच भजनाची पेटी वाजवून ठेवली होती. आता ती हयात नव्हती. तिच्या ट्रॅकला साथ म्हणून ते त्याच कीबोर्डवर एकेक वाद्य भरत होते. आधी पखवाज, मग टाळ. दर वेळी सुरू करण्याआधी बोटं धोतराला पुसायचे.

स्टुडिओवाला म्हणाला, "काका, काकू कडव्याआधी जरा अडखळत्यात. एक बटण दाबलं की सगळं तालात बसतंय बघा."

"नगं," ते म्हणाले. "अडखळत न्हाय ती. तिथं माझ्याकडं बघायची. मी मान हलवली की म्होरं जायची."

पेटी पुन्हा सुरू झाली. ती जागा आली तशी त्यांची बोटं थांबली. त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बघत मान हलवली आणि पेटी पुढं गेली.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "मला तर पेटी येत नाही. तुम्ही मान कुठं हलवणार?"