मनगटावरचा नवरंग

ताईला मधोमध पुसट दिसायला लागलं होतं. कडेकडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच नाहीसं व्हायचं. हे वाढत जाणार, असं डॉक्टर म्हणाले. तिनं एकच मागितलं, "मले एकदा नवरंग दाखव."

नवरंगासकट सगळे पक्षी मला तिनंच शिकवले, आणि कायदेही. घरट्याचा पत्ता कुणाला द्यायचा नाही. पाखराकडे रोखून बघायचं नाही. दिसलं तरी बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. सोबतीचं मनगट दाबायचं. पाखरू डावीकडे असलं तर डावं, उजवीकडे असलं तर उजवं.

तात्यापाऱ्यातल्या घरून पहाटेच स्कूटर काढली. सिलतऱ्याच्या कारखान्यांचा धूर मागे पडला. नाल्याकाठच्या बांबूंच्या सावलीत येऊन बसलो. अर्धा उजेड, ओलसर पाचोळ्याचा वास. आपण जागे आहोत की झोपेत, तेच कळेना. आतून नवरंगाची दोन सुरांची शीळ येत होती. तो मात्र बाहेर पडायला तयार नव्हता.

माझा धीर सुटला. मी कुजबुजले, "फोनवर शीळ वाजवू दे मले. लगेच येते का नाही पाह्य."

"नको. त्याले वाटन दुसरा नर घुसला. खानं-पिनं सोडून भांडाले येईन."

"सगळेच फोटोवाले वाजवतात."

"वाजवू दे त्यायले. तू ठेव तो फोन."

मला भयंकर राग आला. हिचे डोळे चाललेत आणि हिला पाखराच्या नाश्त्याची पडलीय! पण तिच्यापुढे माझं कधी चाललंय? फोन पर्समध्ये टाकला आणि गाल फुगवून बसले.

किती वेळ गेला कोण जाणे. शीळ थांबली. मग डावीकडे पाचोळा हलला आणि तो आला. हिरवी पाठ, बदामी छाती, शेपटीखाली लालभडक. चोचीनं पानं उलटत निवांत चालला होता. मी ताईचं डावं मनगट दाबलं.

तिनं मान उजवीकडे वळवली.

मी पुन्हा दाबलं, जोरात. ती ढिम्म. उजवीकडच्या मोकळ्या बांधाकडे तोंड करून बसून राहिली. नवरंग पानाआड गेला, तेव्हा मला रडूच फुटलं.

"ताई, तो डावीकडे होता वं! तू तिकडे काहून पाहून राहिली होती?"

"तोंड फिरवलं तवाच त दिसला," तिनं डोळे पुसले. "आन् पाखराले रोखून पाहू नये, हे तुले शिकवलं होतं ना मी?"