पद्मी कुठल्या विभागाची?

काल पद्मी गेली. पीएचडी न करताच.

हे वाचून ती आधी हसली असती, मग तिने मला फोन करून झापलं असतं.

सत्तरच्या दशकातलं सोलापूर. एम.ए. मराठीला आम्ही दोघी एकाच बाकावर. तिच्या घरी तेलुगू, माझ्या घरी कन्नड.

तिची आई विड्या वळताना तेलुगूत गायची. माझी आई जात्यावर कन्नडमध्ये. शेजारच्या काकू मराठीत. तिन्ही गाण्यांत एकच सासुरवाशीण, भावाची वाट बघणारी.

पद्मी म्हणाली, "बाई एकच हाय की गं. भाषा तीन. मी हिच्यावर पीएचडी करणार."

याला तौलनिक साहित्य म्हणतात, हे तिनेच शोधून आणलं. सोलापुरात हा शब्द तेव्हा आम्हा दोघींनाच माहीत असावा.

अर्ज केला. इंटरव्ह्यूला परगावच्या विद्यापीठात एसटीने गेलो. मी दाराबाहेर बाकावर.

आत तीन सर. एक मराठीचे, एक कन्नडचे. तिसरे इंग्रजीचे, पण घरचे तेलुगू.

आता आमच्या गावची रीत अशी, की समोरचा ज्या भाषेचा, त्याच्याशी त्याच भाषेत बोलायचं. भाजीवालीपासून डॉक्टरपर्यंत सगळे तसंच करतात. त्यात विशेष काही नाही.

पद्मीनेही तेच केलं. प्रत्येक सरांना त्यांच्या भाषेत उत्तर. तेही फाडफाड!

बाहेर येऊन म्हणाली, "झालं की गं!" आम्ही कँटीनमध्ये भजी खाल्ली.

संध्याकाळी शिपायाने सांगितलं, "ताई, तुमचं काय जमलं न्हाय. मराठीचे सर म्हनले, पोरगी कन्नडची दिसतीय. कन्नडचे म्हनले, तेलुगूची हाय. आन् तेलुगूचा विभागच न्हाय की हितं."

गाइड व्हायला कुणीच तयार झालं नाही.

परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत होती. बार्शी गेल्यावर एकदाच बोलली.

"मी नुसतं मराठीतच बोलायला पाहिजे होतं का गं?"

मी म्हटलं, "न्हाय गं."

खरं उत्तर मला आजही माहीत नाही.

तिने परत कधी अर्ज केला नाही. शाळेत शिकवलं, रिटायर झाली. मी दरवर्षी विचारायचे. ती म्हणायची, "बघू की." मग मीही विचारणं सोडलं.

लग्न तिने केलं नाही. माझे हे गेल्यापासून रोज दुपारी तिचा फोन यायचा.

मी कन्नडमध्ये चिडायचे, ती तेलुगूत उलट बोलायची. भांडण मिटायचं ते मराठीत.

आज सकाळपासून फोन येतायत. सगळे चांगलं बोलतायत, मराठीत. मीही मराठीत "हो, हो" म्हणतेय.

फार एकटं वाटतंय.

मुलगा म्हणतो, "आई, मन मोकळं कर. कुणाशी तरी बोल."

बोलते की.

पण पद्मे, एवढ्या मोठ्या गावात आता मी कन्नडमध्ये चिडले, तर तेलुगूत उलट कोण बोलणार?

नीट जा गं बाई.