पंचवीसपैकी अठरा

आमच्या थोरल्या साडूंनी नुसतं "श्वास धरा" म्हणलं की आख्खा उमरगा तालुका श्वास धरून उभा राहायचा. आमच्या बायकोच्या थोरल्या भैनीचं मालक ते. घर मुरुमला, आन् काम उमरग्याच्या एका दवाखान्यात, छातीचं फोटो काढायचं. त्याच्या आधी लग्नातलं फोटो काढायचे, ती सवय काय सुटली न्हाय. एक्स-रेला माणूस उभा केला की आधी त्याची टोपी सरळ करायचे आन् म्हणायचे, "हसा जरा." माणूस इचारायचा, "साहेब, ह्यात तोंड येतंय व्हय?" तर म्हणायचे, "तोंड न्हाय येत, पर बरगड्या खुलून दिसत्यात." मग "श्वास धरा", कानडी माणूस असला तर "उसिर हिडीरी", आन् तेवढ्यात दारात कुणी वळखीचं दिसलं की गप्पा सुरू. "सोडा" म्हणायचं ध्यानातच राहायचं न्हाय. माझ्या लग्नात अंतरपाट धरला तवा मागनं म्हणले, "पाव्हणं, श्वास धरा." म्या येडा, धरला. बायको अजून इचारती, हार घालताना तुमचं तोंड जांभळं का पडलं होतं?

कोरोनात मला ताप आला, दम लागाय लागला. नाकात काडी घातलेल्याचा रिपोर्ट यायला उशीर, म्हणून डॉक्टर म्हणले, तवर छातीचा स्कॅन काढा. साडूंनीच मला त्या मशिनीत ढकललं. शिकल्याल्या माणसाला ठावं असतंय, स्कॅनचा आकडा जितका जादा तितकं फुप्फुस खराब. मला कुठलं ठावं? चौथीत दोनदा बसून तिसऱ्यांदा मास्तरांच्या पाया पडून सुटल्याला गडी म्या. साडू डॉक्टरकडनं कागद घेऊन आले, त्याची घडी करून खिशात घातली, मग मोठ्यानं म्हणले, "पाव्हणं, पंचवीसपैकी अठरा! फस्टक्लास!"

जन्मात एवढं मार्क पडले नव्हते. नाकाला ऑक्सिजनची नळी, तरी म्या आख्ख्या वॉर्डाला सांगत सुटलो. बायकोला फोन करून म्हणलं, साखर वाट. तिला साडूंनी आधीच पढवलं होतं. बिचारीनं रडत रडत आळीभर साखर वाटली. शेजारच्या खाटेवर एक गुरुजी होते, त्यांना सात. म्या म्हणलं, "गुरुजी, सातच? आभ्यास कमी पडला तुमचा." गुरुजी माझ्याकडं बघून डोळं पुसाय लागले. मला वाटलं, नापास झाल्याचं दुःख. म्हणलं, "रडू नका, पुढल्या स्कॅनला भरून काढा."

वाचलो. घरी सोडताना डॉक्टर म्हणले, "एवढा स्कोर असून तुम्ही हसतखेळत बरे झालात, कमाल आहे." तवा कुठं मला आकड्याचा अर्थ कळला. दवाखान्याच्या दारातच साडूंची वाट अडवली. म्हणलं, "तुमी मला फसवलं!" ते म्हणले, "मग काय सांगायचं हुतं? तुमी झुरळ बघून खाटंवर चढता. म्हणलं, जन्मात एकदा तरी पाव्हण्याला पास झाल्यागत झोपू द्यावं."

पुढं म्हैनाभरानं त्यांचा फोन आला. आवाज बारीक, दम लागल्याला. "पाव्हणं, तुमचा नंबर गेला. मला बावीस पडले."

आता मला अर्थ ठावा होता, आन् मला ठावं हाय हे त्यांनाबी ठावं होतं. तरी म्हणलं, "व्वा साडू! बोर्डात आलासा. साखर न्हाय, ह्यावेळी पेढं वाटतो."

ते हसले. हसता हसता खोकले. मग म्हणले, "थांबा, एक गंमत सांगतो. आधी श्वास धरा."

म्या धरला. तिकडनं नुसता खोकला आला, मग कुणीतरी फोन ठिवला.

ती गंमत कसली होती, अजून ठावं न्हाय. आता कुठंबी छातीचा फोटो काढाय गेलो की म्या आपसूक टोपी सरळ करतो आन् हसतो. मशिनीवरचं पोरगं म्हणतंय, "काका, झालं, सोडा श्वास." म्या जरा वेळ तसाच थांबतो. वाटतंय, दारात कुणीतरी वळखीचं भेटलं असंल, साडू बोलत बसले असतील. म्हणतील आता.