जायफळाचे वेढे

दोन हजार बावीस साल. मी त्र्याहत्तर वर्षांचा. चौथीपलीकडे शाळा पाहिली नाही, पण झाडपाल्यातलं मला कळतं हा माझा ताठा, आणि वाडीतही तसं मानायचे.

आमची कुत्री आवाजाला भ्यायची. दिवाळीत पहिला फटाका वाजला की झावळांखाली शिरून नखं तुटेस्तोवर माती उकरायची. सून म्हणाली, गुरांच्या डॉक्टरांना विचारू, ते गोळी देतील. मी ऐकतोय कशाला! परसात जायफळाचं झाड आहे. तान्ह्या पोराला सहाणेवर दोन वेढे उगाळून चाटवले की पोर गुमान झोपतं. कुत्रीलाही दोन वेढे दिले. ती जरा गप्प पडली. झालं, मी वाडीभर सांगत सुटलो. शेजारणीचा कुत्राही भित्रा, तिला दोन जायफळं नेऊन दिली.

तुळशीच्या लग्नाला फटाके जास्त. म्हणून त्या दुपारी अख्खं जायफळ उगाळायला बसलो. सून दारात आली.

"बाबांनू, इतक्या नको."

"माका शिकव नको. तुझो घोव ह्याच जायफळार वाढलो."

भातात बांगड्याची कढी घालून त्यात ते कालवलं. कुत्रीने भांडं चाटून पुसलं.

दिवेलागणीला फटाके सुरू झाले आणि ती थरथरायला लागली. मी म्हटलं, भीतीच. मग ती भिंतीवर आपटत चालू लागली, ओकली. डोळे उघडे, पण मला ओळखेना. मुलाने रिक्षा आणली, आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं.

"काही वेगळं खायला घातलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

सुनेने माझ्याकडे पाहिलं. मीच सांगावं, असं ते पाहणं होतं.

"काही नाही," मी म्हटलं. "फटाक्यांना भ्याली."

त्यांनी भीतीवरचं इंजेक्शन दिलं. परतताना रिक्षात, माझ्या मांडीवर ती गेली. खरं सांगितलं असतं तर वाचली असती का, ते ठाऊक नाही. विचारायचं धाडस आजवर झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच शेजारणीच्या दारच्या खळ्यात जाऊन जायफळं परत मागितली. ती हसली. दिलेली वस्तू कोण परत मागतं काय, म्हणाली.

"दी गो," मी म्हटलं. "माझी मीयाच मारलंय."

तिने फळीवरून दोन्ही काढून दिली. एकाची कड झिजलेली होती. मी तिच्या कुत्र्याला हाक मारली. तो धावत आला, तेव्हा मी तिथेच खाली बसलो.